सोसायटीचं कपाट वाचनालयात येतं तेव्हा: एका देणगीचं प्रकरण

ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या उपनगरातली ही गृहनिर्माण संस्था. १९८०च्या दशकातल्या दोन चारमजली इमारती, लिफ्ट नाही, जिन्याखालच्या खोलीत ऑफिस. रिडेव्हलपमेंटचा करार झाला, घरं रिकामी करायची तारीख ठरली, आणि ऑफिसातल्या दोन लोखंडी कपाटांचं काय करायचं हा विषय कमिटीपुढे आला. एका कपाटात दप्तर होतं. दुसऱ्यात माजी सचिवांनी वीसेक वर्षांत जमवलेलं साहित्य होतं: कायद्याची पुस्तकं, उपविधींच्या (सोसायटीच्या अंतर्गत नियमांच्या) पुस्तिका, शासन निर्णय म्हणजे जीआर, परिपत्रकं, प्रशिक्षणवर्गांच्या टिपणांच्या फाइली. बिल्डरने दिलेल्या भाड्याच्या घरात एवढं सामान कोण नेणार? कमिटीत कुणीतरी म्हणालं, वाचनालयाला देऊन टाका. ठराव झाला आणि आमच्या वाचनालयात पत्र आलं: संस्थेकडील गृहनिर्माण व्यवस्थापनविषयक ग्रंथसंपदा आपणांस सप्रेम भेट.

मी या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या. दोन्ही संस्थांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

ग्रंथपाल मॅडमनी पत्राला होकारही दिला नाही आणि नकारही. त्यांनी यादी मागवली. यादीत चार रकाने होते: नाव, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, आणि पुस्तक कुणाच्या पैशातून घेतलं. चौथ्या रकान्यावरून कमिटी जरा दुखावली. आम्ही फुकट देतोय आणि हे पावत्या मागतात, असा सूर निघाला. पण प्रश्न रास्त होता. माजी सचिवांनी काही पुस्तकं स्वतःच्या खिशातून घेतली होती, काही सोसायटीच्या व्हाउचरवर. सोसायटीच्या पैशातून घेतलेली वस्तू सोसायटीची. ती बाहेर द्यायची तर डेड स्टॉक रजिस्टरमधून, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून, कमी करावी लागते, आणि तसा स्पष्ट ठराव लागतो. आधीच्या ठरावात नुसतं 'कपाटातील साहित्य' एवढंच होतं. उद्या एखाद्या सभासदाने सर्वसाधारण सभेत विचारलं, तर खजिनदाराकडे उत्तर नव्हतं.

यादी करायला बसल्यावर खरी भानगड बाहेर आली. दोन कपाटं नावाला दोन होती. आतला माल एकमेकांत मिसळला होता. जीआरच्या फाइलीत थकबाकीदारांना पाठवलेल्या नोटिशा. प्रशिक्षणवर्गाच्या टिपणांमागे कुणाच्या तरी पॅनकार्डाची झेरॉक्स. नामनिर्देशनाच्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात तीन भरलेले फॉर्म, ज्यांतल्या एका सभासदाचं निधन झालेलं. शिवाय वरच्या मजल्यावरच्या भांडणाची उभयपक्षी पत्रं, जी वाचायला रंजक होती हे कबूल करायला हरकत नाही, पण सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर ती कुणाला दिसता कामा नयेत.

इथे कमिटीच्या डोक्यात एक समज पक्का बसला होता: इमारत पडणार, म्हणजे जुन्या दप्तराचं काम संपलं. हा समज फार ठिकाणी दिसतो आणि तो महागात पडतो. इमारत पडते, संस्था पडत नाही. नोंदणी झालेली सहकारी संस्था ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. नव्या इमारतीतले वाढीव फ्लॅट घेणारे लोकही पुढे याच संस्थेचे सभासद होतात. सभासदांची नोंदवही, म्हणजे 'आय' रजिस्टर, 'जे' नमुन्यातली सभासदांची यादी, इतिवृत्तं, शेअर सर्टिफिकेटांची नोंद, कन्व्हेयन्सची (जमीन-इमारतीच्या मालकी हस्तांतराची) कागदपत्रं, ऑडिट रिपोर्ट यांची गरज रिडेव्हलपमेंटच्या काळात उलट वाढते. त्यांची प्रत मागण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४ब-८ ने सभासदाला दिला आहे. रस्त्यावरून आलेल्या वाचकाला नाही. म्हणून पहिलं कपाट पूर्णच्या पूर्ण सोसायटीकडे राहिलं आणि नव्या सचिवांच्या तात्पुरत्या घरातल्या एका खोलीत गेलं. त्यांच्या घरच्यांनी काय म्हटलं ते विचारलं नाही. ज्या झेरॉक्सची गरजच नव्हती त्या रद्दीवाल्याला न देता फाडून टाकल्या. पॅनकार्ड आणि सह्या असलेले कागद किलोच्या भावाने विकायचे नसतात.

आता दुसरं कपाट. त्यात वाचनालयाच्या कामाचं किती?

मॅडमचा पहिला कौल कठोर होता. कायद्याचं जुनं पुस्तक म्हणजे तारीख उलटलेलं औषध, ते फडताळात ठेवायचंच नाही. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यात गेल्या काही वर्षांत इतकी उलथापालथ झाली आहे की, २०१० सालचं चांगलं पुस्तकही आज वाचकाला खड्ड्यात घालू शकतं. सहकारी संस्थांविषयीच्या ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याने अधिनियम बदलला. त्यानंतर २०१४ मध्ये नवे आदर्श उपविधी आले. २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३-ब हे स्वतंत्र प्रकरणच घातलं गेलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९७व्या दुरुस्तीचा राज्यातल्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला. ज्या टीकाग्रंथांनी २०१३ चा कायदा त्या घटनादुरुस्तीच्या पायावर समजावून सांगितला होता, त्यांची प्रस्तावनाच हलली.

एक उदाहरण त्यांनी कार्यकारिणीत मांडलं. सभासद वारला आणि त्याने नॉमिनी नेमला असेल तर काय? जुनी पुस्तिका वाचणारा माणूस असं समजून घरी जातो की, नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट झालं की विषय संपला. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १५४ब-१३ वेगळं सांगतं. नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, आणि वारसाहक्काने, मृत्युपत्राने किंवा कुटुंबातल्या करारनाम्याने ज्याचा हक्क ठरेल तो सभासद होईपर्यंतच ही व्यवस्था. भावाभावांत यावरून कोर्टकचेरी होते. निवडणुकीचंही तसंच. २०१३ नंतरची पुस्तकं प्रत्येक छोट्या सोसायटीची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे पाठवतात. २०१९ च्या दुरुस्तीने २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना स्वतःची निवडणूक स्वतः घ्यायची वाट करून दिली. ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीतला कुणी जुनं पान दाखवून सभा उधळू शकतो, आणि पान आमच्या शिक्क्याचं असणार.

माजी सचिव या बैठकीला बोलावल्यावरून आले होते. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. "मॅडम, या गावात किती सोसायट्यांनी २०१४ चे उपविधी स्वीकारलेत, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांचा मुद्दा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा मुद्दा होता. आदर्श उपविधी आपोआप लागू होत नाहीत. संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून ते स्वीकारायचे, उपनिबंधकांकडे दुरुस्ती नोंदवून घ्यायची, मगच ते त्या संस्थेचे उपविधी होतात. तोवर नोंदणीच्या वेळचे किंवा मध्ये कधी बदललेले उपविधीच चालू. अधिनियम अर्थात सगळ्यांवर बंधनकारक आणि उपविधींहून वरचढ. पण रोजची भांडणं, पार्किंगची आखणी, पोटमाळ्यातलं सामान, कमिटीची मुदत, दंडाचा ठराव ही उपविधींतल्या शब्दांवरच लढली जातात. ज्याची सोसायटी अजून जुन्या उपविधींवर चालते त्याला नवी पुस्तिका देणं हीसुद्धा चुकीची माहितीच. आणि ती जुनी पुस्तिका आज दुकानात मिळत नाही.

दोघंही बरोबर होते, त्यामुळे बैठक लांबली. शेवटी निघालेला तोडगा साधा होता. जुन्या आवृत्त्या ठेवायच्या, प्रत्येक सालाची एकच प्रत ठेवायची, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवायची. २०१४ च्या पुस्तिकेवरची चिठ्ठी अशी आहे: 'हे आदर्श उपविधी आहेत. तुमच्या सोसायटीने कोणत्या सालचे स्वीकारले आहेत ते सचिवांकडून पाहून घ्या. यात २०१९ चं प्रकरण १३-ब नाही. ते शेजारच्या निळ्या फाइलीत आहे.' निळ्या फाइलीत राजपत्राची छापील प्रत आहे. चिठ्ठी लिहायला मॅडमना एक दुपार लागली, आणि माझ्या मते त्या दुपारी या देणगीचं काहीतरी झालं. तोवर ते नुसतं सामान होतं.

बाकीची छाटणी पटापट झाली. एका लोकप्रिय मार्गदर्शक पुस्तकाची अख्खी झेरॉक्स स्पायरल बाइंडिंग करून ठेवली होती; ती परत. पुस्तक बाजारात मिळतं, तेव्हा सार्वजनिक वाचनालयाने त्याची झेरॉक्स दाखल करून घेणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही. वाचनालयाला तीनपर्यंत प्रती करू देणारी सवलत भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकांसाठी आहे. राजपत्र आणि अधिनियम यांच्या बाबतीत १९५७ च्या त्या कायद्याचं कलम ५२ बरीच मोकळीक देतं, त्यामुळे त्यांच्या छापील प्रती ठेवायला अडचण आली नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालचे रिडेव्हलपमेंटचे दोन्ही निर्देश फाइलीत होते, ३ जानेवारी २००९ चा आणि ४ जुलै २०१९ चा. गंमत अशी की लाल पेनाने खुणा केलेला जुनाच वर होता. क्रम उलटा केला. मासिकांचे सुटे अंक गेले. कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठाही गेला, फक्त नमुना म्हणून एकेक ठेवला.

आणि मग ती वही.

यादीत ती नव्हतीच, कारण ते पुस्तक नव्हतं. दोनशे पानी, लांबट, खाकी वेष्टनाची वही. माजी सचिवांनी सोसायटीत जो प्रश्न उभा राहील तो डाव्या पानावर लिहायचा आणि उत्तर कुठे सापडलं ते उजव्या पानावर, असा नेम ठेवला होता. डावीकडे: 'गच्चीतून पाणी झिरपून बी-७ च्या हॉलचं छत खराब. खर्च कुणाचा?' उजवीकडे उपविधीचा क्रमांक, आणि खाली बारीक अक्षरात: 'पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात. वरच्याच्या बाथरूममुळे असेल तर वरचा.' पुढच्या पानावर भाडेकरू ठेवणाऱ्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस किती घ्यायचे, त्याला १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा. मग फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम, कमाल २५,००० रुपये, समोर कंसात: 'जास्त घेतलेलं चालत नाही, "ऐच्छिक देणगी" म्हणूनही नाही.' हा कंस लिहिताना कुणीतरी आसपास तसं करत असणार.

कायद्याचं पुस्तक कलमांच्या क्रमाने चालतं. माणूस प्रश्न घेऊन येतो. या दोहोंमधलं अंतर वहीने भरून काढलं होतं. डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. ते ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत सगळे लिहितात, पण इथे एका बिगरग्रंथपालाने ते नकळत करून ठेवलं होतं. अडचण एवढीच की वहीत जागोजागी फ्लॅट नंबर होते आणि तीनचार ठिकाणी आडनावंही. माजी सचिवांनी ती वही पुन्हा उतरवून काढली, नावं आणि नंबर गाळून. उतरवताना २०१९ नंतर बदललेल्या नोंदी दुरुस्त केल्या. मूळ वही त्यांच्याकडेच राहिली. नवीन प्रतीला दाखल क्रमांक मिळाला.

देणगीच्या अटींवर थोडी खडाजंगी झाली. कमिटीला कपाटावर सोसायटीच्या नावाची पाटी हवी होती आणि 'हे साहित्य कायमस्वरूपी जतन करावे' असं वाक्य. पाटीला कुणाची हरकत नव्हती. वाक्याला होती. कायमस्वरूपी हा शब्द कायद्याच्या पुस्तकांना लावला की वाचनालय कायमचं अडकतं, आणि जागा तर आमच्याकडे आधीच तुटपुंजी. भेटपत्रात शेवटी असं आलं की साहित्य स्वीकारल्यावर त्याची मालकी वाचनालयाची, आणि कालबाह्य झालेलं साहित्य बाद करण्याचा अधिकार ग्रंथपालांचा. खजिनदारांनी प्राप्तिकर सवलतीसाठी लागणाऱ्या ८०जीच्या पावतीची चौकशी केली. ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंच्या नाही, एवढं सांगून तो विषय मिटला.

पैशाचा विषय मात्र मिटण्यासारखा नव्हता. पुस्तकं एकदा येतात, कायदा दरवर्षी हलतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालचं अनुदान अ, ब, क, ड अशा वर्गानुसार मिळतं. आमच्यासारख्या वाचनालयात त्यातून पगार, बिलं, वर्तमानपत्रं आणि कथा-कादंबऱ्या भागवताना दम निघतो. सोसायटीने शिक्षण निधीतून दरवर्षी काही रक्कम द्यावी अशी सूचना आली. तो निधी सभासदांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठी आहे. त्यातून बाहेरच्या संस्थेला रक्कम देणं ऑडिटरला पटेल याची खात्री कुणालाच नव्हती, म्हणून ती वाट सोडली. पाच सभासदांनी वैयक्तिक वर्गणी काढली: अधिनियमाची नवी आवृत्ती आली की एक प्रत त्यांच्याकडून. हे किती वर्षं टिकेल सांगता येत नाही, पण आतापर्यंत टिकलं आहे.

फडताळ कुठे लावायचं यावर मॅडमचा निर्णय मला आवडला. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीत गृहनिर्माण सहकाराची जागा ३३४.१, म्हणजे अर्थशास्त्रात. कायद्याची पुस्तकं ३४० च्या घरात, दुसऱ्या भिंतीला. वहीची जागा तर कुठेच नाही. त्यांनी क्रमांक नियमाप्रमाणे दिले, पण पुस्तकं ठेवली वाचकाला स्वतः हाताळता येतील अशा मुक्तद्वार विभागात, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी. सोसायट्यांचे सचिव आणि खजिनदार बहुतेक निवृत्त माणसं असतात, आणि ती सकाळी पेपर वाचायला येतात. पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत. पानाचा मोबाइलवर फोटो काढू दिला जातो.

वापर कसा झाला? उतरवलेल्या वहीचा सर्वांत जास्त. अधिनियमाच्या जाडजूड ग्रंथाचा सर्वांत कमी. एक बाई वडिलांच्या निधनानंतर आल्या होत्या. सोसायटीने त्यांना कोर्टाचा कागद आणल्याशिवाय अर्जच घेणार नाही असं सांगितलं होतं, आणि वडिलांनी रीतसर नॉमिनी म्हणून त्यांचंच नाव दिलेलं. त्यांना १५४ब-१३ चं पान मिळालं. भावाशी वाद नव्हता, तरी वारसांचा प्रश्न पुढे सोडवावाच लागेल हेही त्याच पानावर होतं. दुसरे एक गृहस्थ फार तावातावाने आले आणि तासाभराने वैतागून गेले, कारण त्यांची इमारत सोसायटी नव्हतीच. ती १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची असोसिएशन होती आणि फडताळावर त्यांच्या कामाचं एक अक्षर नव्हतं. देणाऱ्याच्या कपाटात जे असतं तेवढंच देणगीत येतं. त्या कायद्याची प्रत मग वाचनालयाने विकत घेतली.

एक गोष्ट फसली. माजी सचिव शनिवारी सकाळी फडताळाजवळ बसतील, लोकांना शोधायला मदत करतील, असं ठरलं होतं. सुरुवातीला छान चाललं. मग एकाच सोसायटीचे दोन गट एकाच शनिवारी आले, आजी कमिटी आणि विरोधक. काकांनी, म्हणजे माजी सचिवांनी, एका बाजूचं ऐकून घेऊन "तुमचंच बरोबर आहे" असं म्हटलं. दुसऱ्या गटाने वाचनालयाकडे लेखी तक्रार केली की आपली संस्था पक्षपाती सल्ला देते. तक्रारीत दम होता. वाचनालय पान काढून देऊ शकतं, निवाडा देऊ शकत नाही. निवाड्याला उपनिबंधक आहेत, सहकार न्यायालय आहे, वकील आहेत. काकांना हे सांगायची जबाबदारी माझ्याकडे आली. ते रागावले नाहीत, म्हणाले, "सचिव म्हणून वीस वर्षं निर्णयच देत आलो ना." शनिवारचं बसणं बंद झालं. आता ते वर्षातून एकदा येऊन मॅडमबरोबर वहीच्या नोंदी तपासतात, आणि ते काम त्यांना जास्त शोभतं असं माझं मत आहे.

सध्या कार्यकारिणीपुढे पडून असलेला विषय म्हणजे स्कॅनिंग. एका तरुण सभासदाचा आग्रह आहे की सगळं फडताळ स्कॅन करून मोबाइलवर उपलब्ध करावं. पुस्तकांना कॉपीराइट आड येतो, म्हणून ती बाजूला ठेवली. जीआर आणि परिपत्रकं शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात, ती पुन्हा स्कॅन करण्यात अर्थ नाही. राहिली वही. ती स्कॅन करायला काकांची लेखी संमती आहे, पण मॅडमची एक अट आहे: एकदा फाइल व्हॉट्सॲपवर गेली की जुनी नोंद कुणालाच दुरुस्त करता येणार नाही, म्हणून प्रत्येक पानावर तपासणीचं वर्ष छापल्याशिवाय स्कॅन नको. तसं छापून द्यायला कुणी पुढे आलेलं नाही, त्यामुळे विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.